थट्टेची ठिणगी आणि कायद्याचे पुस्तक

ज्या घरात सोळा-सतरा वर्षांपासून वीस-बावीस वर्षांपर्यंतची मुले आहेत, त्या घरात "अहो, गंमत केली, दुसरे काय?" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू येतेच. गंमत हा शब्द आपल्या कुटुंबात फार मोठे काम करीत असतो. फुटलेली काच, शेजाऱ्यांच्या सायकलीतली सोडलेली हवा, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची लपविलेली वही, या सर्वांवर त्या एका शब्दाचे पांघरूण घातले जाते. आणि घरापुरते पाहिले तर त्यात फारसे वावगेही नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात जी भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे, तिची ३५८ कलमे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली, तरी गंमत नावाचा बचाव त्यांत कोठेही आढळत नाही. वयाचे अजाणतेपण तेथे आहे, मनाचा विकार आहे, पुरेशी काळजी घेऊनही घडलेला अपघात आहे. इतकेच नव्हे, तर शहाण्या माणसाने तक्रार करू नये अशा क्षुल्लक हानीलाही तेथे जागा दिलेली आहे. गमतीला जागा नाही. आणि ज्या गमतीत विस्तवाचा संबंध येतो, तिच्या बाबतीत तर कायदा अधिकच कान टवकारून बसलेला असतो.

विस्तवाशी केलेली मस्करी आपल्या समाजाला नवी नाही, हे मान्य केले पाहिजे. शिमग्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या दारची लाकडे आणि गोवऱ्या पळवून होळीत टाकण्याचा मुलांना जणू परवानाच मिळत असे. उत्तरेत लोहडी आहे, होलिकादहन आहे. आणि दिवाळीचे फटाके तर सगळीकडेच आहेत. गावाच्या मोकळ्या चव्हाट्यावर, चार वडीलधारी माणसे उभी असताना या गोष्टी चालत आणि बहुधा निभावूनही जात. आज दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद आणि गाझियाबाद अशा सलग पसरलेल्या राजधानीच्या वस्तीत चव्हाटा उरलेला नाही. तेथे उड्डाणपूल आहेत, तळमजल्यावर दुचाक्या लावलेल्या चारमजली इमारती आहेत, आणि प्रत्येक मुलाच्या हातात चित्रण करणारा मोबाईल आहे. या तिसऱ्या वस्तूने थट्टेचे स्वरूपच पालटून टाकले आहे. पूर्वी मित्राला दचकविले की गंमत पुरी होत असे. आता ती हजारो अनोळखी माणसांना दाखविल्याखेरीज पुरी होत नाही.

मार्च २०२४ मध्ये पश्चिम दिल्लीतील पश्चिम विहार येथे घडलेला प्रकार पुष्कळांच्या स्मरणात असेल. एका तरुणाने चित्रफीत बनविण्यासाठी उड्डाणपुलावर भर रहदारीत आपली मोटार उभी केली. त्याच्या दुसऱ्या एका चित्रफितीत पोलिसांचा रस्त्यावरील अडथळा, ज्याला आपण सारे बॅरिकेड म्हणतो, तो पेटवून दिलेला दिसत होता. चित्रफिती त्यानेच लोकांसमोर ठेवल्या होत्या, त्यामुळे पुरावा शोधण्याचे कष्ट पोलिसांना पडले नाहीत. मोटार जप्त झाली, तरुणाला अटक झाली, आणि वाहतुकीच्या नियमभंगाबद्दल ३६,००० रुपयांचा दंड झाला. त्याआधी २०२२ च्या दिवाळीत गुरुग्राममध्ये धावत्या मोटारीच्या मागील झाकणावर फटाके उडविणाऱ्या तिघांनाही अशाच चित्रफितीमुळे पोलिसांनी पकडले होते. या दोन्ही ठिकाणी कुणाचे घर जळाले नव्हते. पुष्कळ आईबापांची समजूत अशी असते की, काही जळले, कुणी भाजले, तरच गुन्हा. नाहीतर पोलीस दोन शब्द सुनावून सोडून देतील. ही समजूत बरोबर नाही.

न्याय संहितेचे २८७ वे कलम, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे २८५ वे, मुद्दाम सावकाश वाचण्यासारखे आहे. विस्तवाशी किंवा ज्वालाग्राही पदार्थाशी जो कुणी इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने वागेल की त्यामुळे माणसाच्या जिवाला धोका उत्पन्न व्हावा, किंवा कुणाला दुखापत होण्याचा संभव असावा, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धोका उत्पन्न झाला, एवढ्याने गुन्हा पुरा होतो. तो धोका प्रत्यक्षात उतरलाच पाहिजे असे नाही. शिवाय, आपल्या ताब्यातील विस्तवाचा पुरेसा बंदोबस्त न करणे, हाही याच कलमाखालील गुन्हा आहे. होळी पेटवून झोपावयास जाणाऱ्या मंडळींनी एवढा भाग तरी ध्यानात ठेवावा. फटाक्यांसारख्या स्फोटक पदार्थांच्या हयगयीसाठी पुढचेच २८८ वे कलम आहे. तेथे दंडाची मर्यादा पाच हजार रुपये आहे.

येथे "बेदरकारपणा" आणि "हयगय" हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, ही गोष्ट आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी स्पष्ट केली. १८७२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यातील विवेचन आजही वकील मंडळी आधाराला घेतात. त्याचा आशय असा की, परिणाम वाईट होऊ शकेल हे ठाऊक असते, तो होऊ नये अशी मनाची इच्छाही असते, आणि तो होणार नाही अशा भरवशावर जो माणूस पुढे जातो, तो बेदरकार. आणि परिणामाचा विचार करणे कर्तव्य असताना जो तो मुळीच करीत नाही, तो हयगय करणारा. वाचकहो, तरुणांच्या थट्टेचे याहून नेमके वर्णन शोधून सापडणार नाही. बाटलीत पेट्रोल भरणाऱ्या मुलाला पेट्रोल पेटते हे ठाऊक असते; ते आपल्या मित्राला लागू नये असेही त्याला मनापासून वाटते; आणि लागणार नाही, हा त्याचा भरवसा असतो. "मला असे व्हावयास नको होते" हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असू शकेल, पण त्या म्हणण्याने तो बेदरकारपणाच्या व्याख्येतून बाहेर पडत नाही. तो तिच्यात बसतो.

पण कायदा सरसकट कठोर आहे असेही समजू नये. मुंबईतील रंगाच्या एका कारखान्यात एप्रिल १९६२ मध्ये आग लागून सात कामगार मरण पावले. जेथे राळ आणि डांबर वितळविण्याच्या भट्ट्या पेटत होत्या, त्याच खोलीत टर्पेंटाइन आणि व्हार्निश यांसारखे ज्वालाग्राही पदार्थ साठविलेले होते. कारखान्याच्या व्यवस्थापकावर हयगयीने मृत्यू घडविल्याचा आणि विस्तवाबाबत हयगय केल्याचा, असे दोन आरोप आले. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या आरोपातून त्यांची मुक्तता केली, दुसऱ्याखालील दोष मात्र कायम ठेवला. कारण असे की, त्या दिवशी उकळते मिश्रण उतू जाऊन जो भडका उडाला, तो दुसऱ्या माणसाच्या हातून घडलेल्या हयगयीचा परिणाम होता. व्यवस्थापकाची चूक ही मृत्यूचे निकटचे आणि प्रत्यक्ष कारण नव्हती. धोका निर्माण करणे वेगळे आणि मृत्यूस प्रत्यक्ष कारण होणे वेगळे, ही रेघ या निकालाने ठळक केली. आपल्या मुलाने काडी ओढली की नुसता डबा आणून दिला, हा प्रश्न न्यायालयात किती बारकाईने पाहिला जातो, हे यावरून ध्यानात येईल.

आता परिणाम जसजसा वाढतो, तसतशी कलमे कशी बदलतात ते पाहू. बेदरकार कृत्याने कुणाला साधी दुखापत झाली तर सहा महिने, जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद, हे १२५ व्या कलमात आहे. मृत्यू आला तर १०६ वे कलम लागते. जुन्या कायद्यात येथे दोन वर्षांची कमाल मर्यादा होती. नव्या संहितेने ती पाच वर्षांवर नेली आहे, आणि दंड अनिवार्य केला आहे. परंतु जेथे कृत्याने मृत्यू येण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक होते, असे न्यायालयाला दिसेल, तेथे १०५ वे कलम म्हणजे सदोष मनुष्यवध उभा राहतो, आणि मग गोष्ट दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची होते. हेतू येथे सिद्ध व्हावा लागत नाही. जाणीव पुरेशी असते.

हे केवळ पुस्तकातले नाही. २०२४ च्या दिवाळीत, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, बेंगळुरूच्या कोणनकुंटे भागात मित्रांच्या टोळक्याने एका बत्तीस वर्षांच्या तरुणाशी पैज लावली. पेटविलेल्या फटाक्यांवर ठेवलेल्या खोक्यावर तो बसून राहिला, तर त्याला ऑटोरिक्षा घेऊन द्यावयाची. वात पेटवून मित्र लांब पळाले. स्फोट झाला, त्या तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी सहा जणांना अटक केली, आणि गुन्हा नोंदविला तो साध्या हयगयीचा नव्हे, तर सदोष मनुष्यवधाचा. वात पेटविणारा हात बहुधा एकच असेल. अटक मात्र सहा जणांना झाली. मुंबईच्या कुर्ला भागातही नोव्हेंबर २०२५ मध्ये मित्राच्या वाढदिवशी त्याच्या अंगावर ज्वालाग्राही द्रव टाकून पेटविल्याच्या आरोपावरून पाच मित्रांना अटक झाली. एकविसाव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री केक कापावयाला बोलावलेला मुलगा रुग्णालयात पोहोचला. अनेकांनी मिळून समान उद्देशाने केलेल्या कृत्याबद्दल प्रत्येकजण, जणू ते त्याने एकट्याने केले असावे तसा, जबाबदार धरला जातो, असे संहितेचे तिसरे कलम सांगते. "मी फक्त मोबाईल धरला होता" हे उत्तर त्या दृष्टीने फारसे सुरक्षित नाही. उलट, काय होणार याची त्याला आधीपासून कल्पना होती, एवढे त्या चित्रणावरून दिसून येते.

मालमत्तेची हानी हा आणखी एक निराळा विषय. दुसऱ्याचे नुकसान होईल हे जाणून केलेल्या कृत्याला आपल्या कायद्याच्या मराठीत "आगळीक" असा जुना, काहीसा सौम्य शब्द आहे. घरात आपण "आगळीक झाली, माफ करा" असे म्हणून मोकळे होतो. पण विस्तवाने केलेली आगळीक ३२६ व्या कलमात सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते; आणि राहते घर, प्रार्थनास्थान किंवा माल साठविण्याची इमारत जाळण्याचा उद्देश किंवा संभवाची जाणीव असेल, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. शेजाऱ्याची मोटारसायकल ही पहिल्या प्रकारात येते. ती त्याच्या घराच्या जिन्याखाली उभी असेल तर काय, याचा विचार दिल्लीकरांनी अवश्य करावा. ६ ऑगस्ट २०१९ रोजी झाकीर नगर येथे, आणि मार्च २०२४ मध्ये शास्त्री नगर येथे, तळमजल्यावर लागलेल्या आगीचा धूर एकमेव जिन्यातून वर चढला. पहिल्या ठिकाणी सहा आणि दुसऱ्या ठिकाणी चार माणसे प्राणास मुकली, त्यांत लहान मुलेही होती. त्या आगी थट्टेतून लागलेल्या नव्हत्या. पण तळमजल्यावर विजेचे मीटर, शेजारी पेट्रोलने भरलेल्या दुचाक्या आणि वर जाणारा एकच अरुंद जिना, अशी रचना असलेल्या इमारतीत जिना हा धुराड्यासारखे काम करतो, ही गोष्ट आता राजधानीतल्या कुणालाही ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. न्यायालय जेव्हा "याला जाणीव होती काय?" असे विचारते, तेव्हा अशा घटनांची आठवण आरोपीच्या बाजूची नसते.

सरकारी वस्तूंच्या बाबतीत तर पुष्कळ सुशिक्षित माणसेही अंधारात असतात. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीस प्रतिबंध करणारा कायदा १९८४ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशी मालमत्ता विस्तवाने किंवा स्फोटकाने नष्ट केल्यास कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे सक्तमजुरी आहे. एका वर्षापेक्षा कमी शिक्षा द्यावयाची, तर न्यायाधीशांना विशेष कारणे लिहावी लागतात. आणि सार्वजनिक मालमत्ता म्हणजे केवळ मंत्रालये आणि पूल नव्हेत. नगरपालिकेच्या मालकीची कोपऱ्यावरची कचरापेटी, बसथांब्याचे बाक, पोलिसांचा लोखंडी अडथळा, हे सारे त्यात येते. होळीच्या रात्री लाकडे कमी पडली म्हणून बागेतले बाक होळीत लोटणारी मुले किमान एक वर्षाच्या कलमापाशी उभी असतात. दिवाळीला आगगाडीने गावी जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो: पिशवीत फटाके घेऊन डब्यात चढणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या १६४ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, मग ते फटाके पुण्याच्या पुतण्यासाठी का नेलेले असेनात.

यानंतरचा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो: "पण तो लहान आहे हो!" कायदाही हेच विचारतो, पण फार काटेकोरपणे. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. सात ते बारा या वयात, आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी पक्वता आली होती की नाही, हे पाहिले जाते. बारापासून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलगा गुन्ह्यास जबाबदार असतो, परंतु त्याचा न्याय नेहमीच्या न्यायालयात होत नाही. तो बाल न्याय अधिनियम २०१५ खाली बाल न्याय मंडळापुढे होतो. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. दिल्लीत किंग्जवे कॅम्पजवळच्या सेवा कुटीर संकुलात असे मंडळ भरते. वय मोजावयाचे ते घटनेच्या दिवसाचे. खटल्याच्या दिवसाचे नव्हे. पुराव्यात पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राला आहे. शाळेत नाव घालताना वय एक-दीड वर्ष मागेपुढे लिहिण्याची आपल्याकडील जुनी सवय येथे अनपेक्षित परिणाम करते.

असा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आला, तर घरच्यांनी काही गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. आईवडिलांना कळविणे बंधनकारक आहे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे उभे करावे लागते. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत कुणी प्रौढ आरोपी नसेल, तर प्रथम माहिती अहवाल नोंदवावयाचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या कौटुंबिक परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो. मित्रांच्या टोळक्यात एकजण जरी एकोणीस वर्षांचा असला, तरी ही सवलत सर्वांच्याच हातून जाते. वयाने मोठ्या मित्रांच्या संगतीविषयी वडील मंडळी जे बोलत असतात, त्याला कायद्याचाही असा एक आधार आहे. मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हाही गुन्हा आहे, आणि सहनिवासाच्या मोबाईल-समूहात रागाच्या भरात ते पाठविणाऱ्या शेजाऱ्यांनी हे जाणून असावे.

मंडळ काय करू शकते? समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, मुलाने किंवा त्याच्या पालकांनी दंड भरणे, पालकांकडून हमी घेऊन परिवीक्षेवर घरी पाठविणे, आणि शेवटचा उपाय म्हणून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला प्रौढाप्रमाणे खटल्याला तोंड द्यावे लागते ते केवळ अतिगंभीर गुन्ह्यात, म्हणजे ज्याची किमान शिक्षाच सात वर्षांची आहे अशात. या "किमान" शब्दावर दिल्लीतच मोठा वाद झाला. एप्रिल २०१६ मध्ये सिव्हिल लाइन्स भागात एका भरधाव मोटारीने बत्तीस वर्षांच्या पादचाऱ्याचा बळी घेतला. चालविणारा मुलगा अठरा पूर्ण होण्याच्या अगदी उंबरठ्यावर होता, आणि मंडळाने त्याला प्रौढ समजून खटला चालवावा असे ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ९ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला की, सदोष मनुष्यवधाला सात वर्षांची किमान शिक्षा सांगितलेली नसल्याने तो या अर्थाने अतिगंभीर गुन्हा नव्हे. त्यामुळे मुलाचा न्याय मूल म्हणूनच व्हावयाचा. २०२१ च्या दुरुस्तीने हीच भूमिका कायद्यात लिहिली गेली. मृताच्या आप्तांना हा निकाल किती जड गेला असेल याची कल्पना करता येते. परंतु थट्टेतून जीव गेलेल्या प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाचे काय होईल, याचे उत्तर याच निकालात आहे.

अठरा पूर्ण झालेल्या पण एकवीस न झालेल्या मुलांसाठी १९५८ चा परिवीक्षा अधिनियम आहे. त्याचे सहावे कलम सांगते की, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात अशा तरुणाला शक्यतो कैदेत पाठवू नये; पाठवावयाचेच असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून न्यायालयाने कारणे लिहावीत. न्यायालय नुकसानभरपाई देण्याचा आदेशही सोबत करू शकते. वकिलांच्या गर्दीत या छोट्याशा कलमाची आठवण आपण स्वतः करून दिली, तर त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

परदेशांतील एक उदाहरण येथे विचार करण्यासारखे आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रमैत्रिणींसमोर दरीत एक पेटता फटाका फेकला. उन्हाळ्याने वाळलेले जंगल पेटले. दीडशेच्या आसपास पदयात्री रानात अडकून पडले, आणि सुमारे १९,००० हेक्टर क्षेत्र आगीच्या तडाख्यात सापडले. मुलाने न्यायालयात अपराध कबूल केला. त्याला पाच वर्षांची परिवीक्षा, १,९२० तास समाजसेवा, पीडितांना क्षमापत्रे लिहिण्याचा आदेश, आणि मे २०१८ मध्ये ३ कोटी ६६ लाख डॉलरहून अधिक भरपाईचा हुकूम झाला. एवढी रक्कम तो कधीच फेडू शकणार नाही, हे न्यायाधीशही जाणून होते. त्यांनी हप्ते बांधून दिले, आणि वर्तन चांगले राहिल्यास दहा वर्षांनी ते थांबविता येतील अशी सोय ठेवली. आपल्याकडे भरपाईची अशी प्रचंड रक्कम मुलावर बसत नाही. पण आदेशातील श्रम आणि क्षमापत्रे यांचा भाग मला आपल्या मंडळांनीही अधिक धीटपणे वापरावा असा वाटतो; जळालेल्या वस्तीत जाऊन राख उचलणे हे पाचशे रुपयांच्या दंडापेक्षा मुलाला अधिक काही शिकवील.

भारतीय घरांची स्वाभाविक प्रवृत्ती मात्र आपसांत मिटविण्याची असते. शेजाऱ्यांची दुचाकी भरून दिली, पाया पडून क्षमा मागितली, शेजारीही "मुलेच आहेत" म्हणून शांत झाले; आता ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली की झाले, असे उभय पक्षांना वाटते. तसे होत नाही. बेदरकारीने झालेल्या दुखापतीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटविता येतो. परंतु विस्तवाबाबतची हयगय आणि विस्तवाने केलेली आगळीक हे तडजोडीने मिटणारे गुन्हे नाहीत, कारण त्यांत अपराध केवळ त्या शेजाऱ्याचा नव्हे, तर समाजाचा मानलेला आहे. तडजोडीचा कागद घेऊन उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तेथे न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात कारवाई रद्द करू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने तरुणांची अशी किरकोळ प्रकरणे रद्द करताना झाडे लावण्याची किंवा समाजसेवेची अट घातल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. यात महिने जातात, क्वचित वर्षेही. तोवर पासपोर्ट, परदेशी शिक्षण आणि नोकरी यांपैकी काहीतरी खोळंबून राहते.

नोकरीचा उल्लेख आला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. सरकारी नेमणुकीपूर्वी जो साक्षांकन अर्ज भरून घेतात, त्यात पूर्वी कधी अटक, खटला, दंड किंवा शिक्षा झाली होती काय, असा रकाना असतो. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज केलेल्या एका तरुणाने पूर्वीच्या मारामारीच्या खटल्याची माहिती या रकान्यात दिली नव्हती, म्हणून त्याची निवड रद्द झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि ऐन तारुण्यात हातून झालेल्या लहान अविवेकाकडे क्षमेने पाहावे, त्या मुलांना जन्मभर गुन्हेगार म्हणून डागू नये, अशा आशयाचे विचार व्यक्त केले. तथापि दोनच वर्षांनी, दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात, तडजोडीमुळे सुटका झाली म्हणजे चारित्र्य निष्कलंक ठरले असे नव्हे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयाची नीट घडी बसविली. माहिती खरी द्यावी; प्रकरण क्षुल्लक असेल तर ती न दिल्याबद्दलही नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याला माफी करता येते; पण खरी माहिती दिली म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असाही हक्क नाही.

अठरा वर्षांखालील मुलाला यातही संरक्षण आहे. बाल न्याय अधिनियमाचे २४ वे कलम म्हणते की, अशा दोषसिद्धीमुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर तिचे दप्तर नष्ट करावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये केंद्रीय दलातील नेमणुकीच्या एका प्रकरणात, अल्पवयातील आरोप उमेदवाराच्या आड आणता येणार नाही, असे म्हटले आहे. अठरावा वाढदिवस उलटून गेलेल्या मुलाला मात्र तो रकाना स्वतः भरावा लागतो, आणि तेथे घटनेची तारीख, ठाण्याचे नाव, कलम आणि निकाल लिहावा लागतो. म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात रद्द झालेले असो, परिवीक्षेवर सुटका झालेली असो, की निर्दोष मुक्तता. त्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढून घ्यावी आणि शाळेच्या दाखल्यांसोबत घरातल्या कपाटात जपून ठेवावी. दहा वर्षांनी ती मागितली जाते, तेव्हा न्यायालयाच्या दप्तरखान्यातून मिळविण्यास फार हेलपाटे घालावे लागतात.